वाफेने सफाई करायचं यंत्र घ्यावं का? ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या घराचा हिशोब

यंदा ग्वाल्हेरच्या मेल्यात, म्हणजे जत्रेत, आम्ही गेलो ते यांना गाडी बघायची होती म्हणून. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी हा मेला सुरू केला तेव्हा तो गुरांचा होता. आता ग्वाल्हेरची अर्धी माणसं तिथे गाडी घेतली की मिळणाऱ्या रोड टॅक्सच्या सवलतीसाठी जातात आणि उरलेली पापड नि सॉफ्टीसाठी. मी दुसऱ्या गटातली. हे गाड्यांची दारं उघडून-बंद करून बघत बसले आणि मी फिरत फिरत घरगुती उपकरणांच्या रांगेत शिरले.

तिथे एक पोरगा कानाला माइक अडकवून उभा. समोर पांढरीशुभ्र टाइल. तिच्यावर त्याने सॉस ओतला, तेल चोळलं, स्केचपेनच्या रेघा मारल्या आणि वाफेची नळी फिरवली. फुस्स! टाइल लख्ख. ‘बिना केमिकल, बिना मेहनत!’ बायका पुढे सरकल्या. मी म्हटलं, ‘भैया, ताजं तेल तर माझं फडकंही काढतं. दोन वर्षं वाळलेलं सरसोंचं तेल लावून दाखव.’ तो म्हणाला, ‘मैडम, दो साल से सफाई नहीं हुई क्या?’ सगळे हसले, मीही हसले. पोरगा हुशार होता, पण प्रश्न तसाच राहिला.

हे म्हणाले, ‘घेऊन टाक, दिवाळीची कटकट मिटेल.’ गाडीच्या किमती ऐकून आल्यावर माणसाला बाकी सगळं स्वस्त वाटतं. आमच्या मोठ्या जाऊबाईंकडे सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये असलं यंत्र आहे हे मला ठाऊक होतं. त्यांना फोन केला. ‘अगं, केव्हाही ने. माझं कपाटावर पडूनच असतं.’ हे ‘पडूनच असतं’ मी मनात टिपून ठेवलं.

जाऊबाईंचं यंत्र मोठं, जमिनीवर चाकांवर फिरणारं: एक लिटरची टाकी, १५०० वॉट, लांब नळी, तिच्या तोंडाला लावायला निरनिराळे ब्रश. दुसरी जात हातात धरायच्या छोट्या यंत्रांची. त्यात पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि ती हजार वॉटच्या आगेमागे असतात. तिसरा प्रकार वाफेच्या पोछ्याचा, दांड्याला खाली कापड लावलेला. कपड्यांच्या सुरकुत्या काढायचं स्टीमर वेगळं आणि गाडी धुवायचा प्रेशर वॉशरही वेगळा. दुकानदार ही सगळी एकाच दमात दाखवतात, म्हणून सांगितलं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे यंत्र घरी आल्यावर आधी कागद-पेन्सिल काढली. यांनी कपाळाला हात लावला, पण हा हिशोब कोणीही करावा असाच आहे. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला साधारण २२५७ ज्यूल उष्णता लागते. १५०० वॉट म्हणजे मिनिटाला ९०,००० ज्यूल. भागाकार केला की चाळीस ग्रॅम येतात. म्हणजे मिनिटाला जेमतेम तीन मोठे चमचे पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. साठलेल्या दाबामुळे पहिला झोत जोरदार येतो, पण सलग चालवायचं तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, तेवढ्या वॉटमध्ये याहून जास्त वाफ निघत नाही. छोट्या यंत्रात ती पंचवीस-सत्तावीस ग्रॅमच. आतला दाब तीन बार असेल तर टाकीतलं तापमान १४० अंशांच्या घरात जातं, हे खरं. पण नळीतून बाहेर आली की वाफ पसरते, हवेत मिसळते आणि झपाट्याने निवते. तोंडाशी बोट भाजेल, वीतभर अंतरावर नुसता हात शेकेल. म्हणून लांबून फवारा मारत फिरण्यात अर्थ नाही. नळी अगदी टेकवून, गोगलगाईच्या चालीने न्यावी लागते. मेल्यातला पोरगा सपासप हात फिरवत होता. त्याच्या टाइलला तेवढं पुरत होतं.

‘९९.९९ टक्के जंतू नष्ट’ या ओळीचंही तेच. जंतू उष्णतेने मरतात यात शंका नाही, पण त्या जागेला पुरेशी उष्णता पुरेसा वेळ मिळाली तर. त्या आकड्याच्या डोक्यावर छोटी चांदणी असते, तिच्या खालचं बारीक अक्षर वाचा.

आता घर. आमचं घर लश्करात, जनकगंजच्या बाजूला, सासऱ्यांच्याही आधीचं. छत पटियांचं, म्हणजे लांब दगडी लाद्यांचं, खालच्या मजल्यावर दगडी फरशी, मधे चौक, वर एक नवी खोली आणि नवं न्हाणीघर. नवं म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं. वायरिंग तर विचारूच नका. १५०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतं. आमच्या खोल्यांतले बहुतेक प्लग पाच-सहा अँपिअरचे, मोठा पावर प्लग फक्त गीझरपाशी आणि स्वयंपाकघरात. साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर हे चालवलं तर बोर्ड गरम होतो, म्हणून यांच्याकडून जाड वायरचा सोळा अँपिअरचा बोर्ड करून घेतला, तेव्हा कुठे काम सुरू झालं. शिवाय उन्हाळ्यात संध्याकाळी लाइट नुसती मिणमिणते. व्होल्टेज २३० चं १९० झालं की उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने उतरते, म्हणजे दोन तृतीयांशच उरते. तेव्हा तुमचं १५०० वॉटचं यंत्र हजाराचं होतं आणि वाफेऐवजी कोमट पाणी थुंकायला लागतं.

पहिली परीक्षा स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टची. आमच्याकडे रोजच्या भाजीला शेंगदाण्याचं तेल, पण पुऱ्या, भजी, लोणचं सरसोंच्या तेलातच. सरसों पिकवणारे मोरेना-भिंड जिल्हे शेजारी असताना दुसरं काय होणार? या तेलाचे बारीक शिंतोडे पात्यांवर बसतात, हवा आणि धग लागून त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि महिन्यामहिन्याने थर चढत वार्निशसारखं तपकिरी किटण तयार होतं. नख लावलं तर नखाला चिकटतं, पण निघत नाही. वाफ मारली. वरची धुळीची लव आणि ताजा मेणचटपणा सुटून ओघळला, खालचं तपकिरी पूट तसंच राहिलं, थोडं मऊ झालं इतकंच. एका पात्यावर मी नळी बराच वेळ धरून ठेवली. मऊ झालेलं किटण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं तर निघालं, पण वाफ थांबवली की लगेच पुन्हा घट्ट. एका हातात नळी, दुसऱ्या हातात पट्टी, चष्म्यावर धुकं आणि मी स्टुलावर.

दुसऱ्या पात्याला गरम पाण्यात कालवलेला धुण्याचा सोडा फासला, वर ओलं फडकं गुंडाळलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी किटण फडक्याबरोबर उतरलं. कारण साधं आहे: अल्कली तेलाचे बंध तोडते, त्यातल्या काही तेलाचा तिथल्या तिथे साबण होतो. नुसत्या उष्णतेने ते बंध तुटत नाहीत, थर मऊ पडतो इतकंच. मात्र चिमणीची जाळी अॅल्युमिनियमची असेल तर सोड्यात रात्रभर बुडवून ठेवू नका, काळी पडते. कॉस्टिक तर तिला खातंच. आमच्या एक्झॉस्टची पाती लोखंडी, रंग दिलेली, म्हणून चाललं. रंग मात्र एका कोपऱ्यात थोडा उडाला.

दगडी फरशीवर मी जिन्याखालचा एक कोपरा निवडला, कोणाला दिसणार नाही असा. हा आपल्याकडचा वाळूचा दगड पाणी पितो. वाफ दिली तर क्षणभर छान उजळला, मग गडद झाला आणि गडदच राहिला. दुसऱ्या दिवशी वाळला तेव्हा हळदीचा जुना डाग होता तिथेच होता, वर कडेने पांढरी पावडर फुटली होती. हा लोणा. दगडात-भिंतीत मुरलेले क्षार ओल आत गेली की विरघळतात आणि वाळताना पृष्ठभागावर येऊन बसतात. जुन्या लश्करातल्या कोणत्याही घरात खालच्या हातभर भिंतीचं प्लास्टर बघा, याच कारणाने झडलेलं असतं. त्यात आपण होऊन वाफ कोंबायची म्हणजे घराशी वैर. ज्यांच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत त्यांनी खुशाल मारावी.

लाकडी दारं, सनमायकाच्या कडा, डिस्टेंपरच्या भिंती, लॅमिनेटची फरशी हे सगळं मी आधीच बाद केलं होतं. सनमायकाखालचा गोंद उष्णतेने सुटतो. काचेचंही जपून. जानेवारीत पहाटे पारा चार-पाचवर असताना गार काचेवर थेट वाफ सोडली तर तडा जाऊ शकतो.

गाद्या. मुलगा हॉस्टेलवरून बॅग घेऊन आला आणि बॅगेबरोबर ढेकूण आले. घरोघरी हे होतं, कोणी बोलत नाही. ढेकूण पन्नास अंशांपुढे टिकत नाहीत, अंडी थोडी चिवट असतात. म्हणून पलंगाच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत, गादीच्या शिवणीत वाफ खरंच कामाची, औषधाचा वास नाही की विषाची भीती नाही. मात्र टोकदार नळीच्या झोताने ते मरायच्या आधी उडून पलीकडे पडतात. रुंद तोंडाला कापड बांधायचं आणि वीतभर शिवणीला दहा-बारा सेकंद द्यायचे. दोन पलंगांत माझी अख्खी दुपार गेली. आणि वाफेने ओली झालेली कापसाची गादी वाळवायला शेवटी गच्चीवरच न्यावी लागली. आता मे महिन्यातल्या आपल्या पंचेचाळीस अंशांत गादी नुसती उन्हात टाकली तर काय बिघडलं, असं आईंनी विचारलं. (आई म्हणजे माझ्या सासूबाई.) बिघडतं ते असं की वरचा थर तापतो, आतला कापूस थंडच राहतो आणि ढेकूण खाली सरकून सावलीत बसतात. पण पलंगाचे सांधे वाफेने आणि गादी दोन्ही बाजूंनी पलटून उन्हात, ही जोडी आमच्याकडे लागू पडली.

आणि मग न्हाणीघर. इथे मात्र मला यंत्र आवडलं. टाइल्सच्या सांध्यांतला तो काळपट-पिवळा थर म्हणजे साबणाचा चिकटा, अंगाचा मळ आणि बुरशी. छोट्या नायलॉनच्या ब्रशातून वाफ सोडत सांध्यावरून सावकाश गेलं की मागे पांढरी रेघ उमटत जाते. हे बघत राहावंसं वाटतं, अगदी व्यसन लागल्यासारखं. बेसिनच्या नळामागची फट, फ्लशच्या टाकीखालची जागा, दाराच्या बिजागऱ्या, जिथे बोट जात नाही तिथे वाफ जाते. दोन ठिकाणी सांध्यातलं पांढरं सिमेंट आधीच भुसभुशीत होतं, ते निघून आलं. ते भरून घ्यावं लागणारच होतं. नळाभोवतीची पांढरी खरखरीत पुटं मात्र हूं की चूं न करता तशीच. ते क्षार, त्यांना वाफेचं काय? लिंबूफुलाच्या पाण्याची घडी गुंडाळून ठेवा, जातात. संगमरवरावर मात्र लिंबूफूल लावू नका.

न्हाणीघराचा मुद्दा आमच्या घरी थोडा अधिक आहे. इथे बाथरूम घासायला सर्रास तेजाबाची (अॅसिडची) बाटली आणतात, दहा मिनिटांत फरशी पांढरी. सांधेही दर वेळी थोडे खाऊन टाकते, पण ते कोण बघतो. आईंना दमा आहे. तेजाबाचा वास जिन्यावरून वर गेला की त्यांचा पंप निघतो. त्यात कोणी भर म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो, तो तर धडधाकट माणसालाही झेपत नाही. शाळेत मी हे समीकरण फळ्यावर लिहिते आणि घरी येऊन बाटली लपवते. तेव्हा माझ्या दृष्टीने वाफेची स्पर्धा फडक्याशी नाहीच, तेजाबाशी आहे.

पण एक गोष्ट मेल्यातला पोरगा सांगत नाही. वाफ घाण सोडवते, उचलत नाही. व्हॅक्यूम क्लीनर निदान पोटात घेतो; इथे सुटलेला काळा ओघळ टाइलवरून खाली येतो आणि लगेच पुसला नाही तर वाळून पुन्हा चिकटतो. मग पुसायला कोण? आमच्याकडे कामाला येणारी बाई कंबरेवर हात ठेवून हा सगळा प्रकार बघत होती. मी तिच्या हातात नळी दिली. तिने दोन सांधे केले, तिसऱ्याला नळी मला परत दिली आणि म्हणाली, ‘भाभी, आप धुआँ मारो, पोंछ मैं दूँगी. पर इससे जल्दी तो मैं सर्फ से रगड़ दूँ.’ वेळेच्या बाबतीत तिचं खरंच होतं. घड्याळ लावलं असतं तर तीच जिंकली असती. पण ब्रशने घासून घासून तिची बोटं सोलवटतात, मनगट दुखतं, हे तीच दुसऱ्या दिवशी सांगते.

आणि मी ते तिच्यावर सोडून शाळेत जाणारही नाही. शंभर अंशांच्या पाण्यापेक्षा शंभर अंशांची वाफ जास्त भाजते, कारण त्वचेवर तिचं पाणी होताना ते सगळे २२५७ ज्यूल तिथेच सोडते. पाणी संपलं म्हणून दाब असताना टाकीचं झाकण फिरवायला कोणी गेलं तर? चांगल्या यंत्रांत दाब असेपर्यंत झाकण फिरतच नाही, पण पाणी भरायला यंत्र निवायची वाट बघावी लागते, मध्येच काम थांबतं आणि घाईत माणूस काहीही करतो. जिथे कुलूप नाही असलं स्वस्त यंत्र फुकट दिलं तरी घेऊ नये, हे मात्र ठामपणे सांगते.

पाण्याचं थोडं. आपल्याकडे नळाला तिघरा धरणाचं पाणी, तेही उन्हाळ्यात एक दिवसाआड, बाकी बोअरिंग. बोअरिंगचं पाणी इतकं जड की गीझरची कॉइल दर वर्षी पांढरी होऊन निघते. वाफ फक्त पाण्याची होते, क्षार मागे टाकीतच राहतात. रोज असं पाणी घातलं तर टाकीच्या तळाशी पूट धरणार आणि नळी चोंदणार. आरओचं पाणी घाला. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र घालू नका, काटकसरीच्या नादात हे सुचतं. त्यात तर क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात, ते पोछ्याला वापरा.

विजेचं फार काही नाही. अर्धा तास चालवलं तर पाऊण युनिट.

तर घ्यायचं का? जाऊबाईंच्या घरी मला ते पटतं. गुळगुळीत टाइल्स, मॉड्युलर किचन, सगळीकडे सोळा अँपिअरचे प्लग आणि आता रांगणारा नातू, ज्याच्यासाठी फरशीवर फिनाइल नको वाटतं. त्यांचं यंत्र पडून राहतं कारण टाकी तापायची वाट बघायची, वायर ओढायची, ब्रश बदलायचे आणि शेवटी पुसायचं, एवढा घाट घालायला त्यांना वेळ नसतो. आमच्या घराला मोठं यंत्र नको. दगड त्याला मानवत नाही, वायरिंग झेपत नाही, एक्झॉस्टला सोडा पुरतो. पलंगाचं काम वर्षातून एकदा, तेव्हा जाऊबाईंचं आहेच.

न्हाणीघर आणि शेगडीभोवतीचा रोजचा ताजा चिकटा, एवढ्यासाठी मी छोटं, हजार वॉटचं हातातलं घेणार आहे. साडेचार अँपिअरमध्ये ते कोणत्याही खोलीतल्या साध्या प्लगवर चालतं. पाव लिटरमध्ये आठ-दहा मिनिटांची वाफ मिळते, तेवढ्यात एका भिंतीचे सांधे होतात. चार आठवड्यांत चार भिंती. मेल्यात ज्या किमती ऐकल्या त्यात मोठ्या यंत्राच्या पैशांत अशी तीन आली असती. घेताना मी दुकानदाराला दोनच गोष्टी विचारणार: झाकणाचा वायसर ग्वाल्हेरात सुटा मिळतो का, आणि बिघडलं तर यंत्र इथे दुरुस्त होतं की दिल्लीला पाठवावं लागतं. नया बाजारातल्या एका दुकानात विचारलं, तर तो म्हणाला, ‘वायसर का क्या है मैडम, कुकर का लगा लेना.’ त्याच्याकडून घेणार नाही, हे ठरलं.

हे म्हणतात ऑनलाइन स्वस्त पडेल. पडेलही. पण वायसरचं उत्तर मिळेपर्यंत थांबणार आहे. तोवर जाऊबाईंची टाकी लिंबूफुलाच्या पाण्याने खंगाळून, उलटी करून वाळत ठेवली आहे. रविवारी परत देऊन येईन. तेजाबाची बाटली यांनी भंगारवाल्याला द्यायला काढली होती, ती मी परत घेतली. ती भंगारात द्यायची वस्तू नव्हे, आधी शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन सोड्याने उदासीन करते.